दौलतराव, दोन साप आणि एक कुलर

दौलतराव झाड्यांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या कोपराने करून दिली. मी तेव्हा मोठ्या आंजीहून वर्ध्याला कॉलेजात जात असे आणि ते आमच्या सकाळच्या एस.टी.चे कंडक्टर होते. गाडी आंजीला येईपर्यंत इतकी भरलेली असे की दारातून आत शिरायचं तर शेळीनेही विचार केला असता. दौलतराव मात्र तिकिटाचा चिमटा दांडीवर टकटक वाजवत, एकेकाला कोपराने आत लोटत, कीर्तनकाराच्या शांतपणे सांगत, "सरका बाप्पा, सरका. सरकलं का जागा होते." आणि खरंच होत असे. कशी होत असे, ते माझ्या बरगड्यांना अजून आठवतं.

गाडी भरली, हे वाक्य त्यांनी अख्ख्या नोकरीत उच्चारलं नाही. एकदा त्यांनी एकाच बाकावर एक नवरी, तिची करवली, तांदळाचं पोतं आणि एक बोकड अशी मंडळी बसवली होती. नवरी वर्ध्यापर्यंत रडत होती. सासरी चालली म्हणून रडत होती की बोकडामुळे, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दौलतरावांनी मात्र "पाहा, पोरीले सोबत झाली" असं म्हणून विषय मिटवला. त्यांचं स्वतःचं दाराजवळचं आसन तेवढं नेहमी मोकळं असे. त्यावर तिकिटांची पेटी ठेवलेली असायची आणि ती पेटी काही कधी सरकत नसे.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला घर घेतलं. घेताना पाणी पाहिलं, रस्ता पाहिला, शेजार पाहायचा राहिला. पहिल्याच सकाळी कुंपणाच्या भिंतीवरून एक ओळखीचं डोकं वर आलं आणि म्हणालं, "आंजीवाले ना तुमी? चला, आता तरी बसाले जागा भेटली." दौलतराव निवृत्त झाले होते. एस.टी. सुटली होती, पण प्रवासी सुटले नव्हते. त्यांची जागा आता घरच्यांनी घेतली होती.

घरात माणसं पाच. दौलतराव, शांताकाकू, थोरला मुलगा नितीन, त्याची बायको रूपाली आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी. धाकटा मंगेश पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. घराला खोल्या चार होत्या, पण त्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात. उन्हाळ्यात त्या घराला खोली एकच असे. आमच्याकडे एप्रिल लागला की ऊन भिंतीतून आत येतं आणि जिथे कुलर असेल तिथे अख्खं घर गोळा होतं. जेवण तिथेच, अभ्यास तिथेच, भांडण तिथेच आणि झोपही तिथेच. हे वर्ध्यात घरोघरी चालतं, त्यात नवल काही नाही. नवल हे, की दौलतरावांना त्यात संस्कार दिसत.

दुसरा कुलर घेणं त्यांना जड नव्हतं. मुलं कमावती होती, पेन्शन येत होती. पण त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. "दोन कुलर म्हंजे दोन चुली. आज हवा वेगळी झाली, उद्या भाकर वेगळी होईन." आलेल्या पाहुण्याला ते आधी ती खोली दाखवत. "पाच माणसं, एक खोली, कोणाची कुरकुर नाई. आजकाल पाह्यले भेटते का असं?" पाहुणा मान हलवायचा. कुलरच्या बरोब्बर समोर दौलतरावांचा पलंग. कुलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून येणारी पहिली गार हवा त्यांना लागे, उरलेली काकूंना, तिच्यातून उरलेली नितीनला आणि नातीला. रूपाली दाराशी झोपायची. तिथे हवेचा फक्त आवाज पोचत असे.

रूपाली जाम गावची. हायवेच्या चौरस्त्यावर तिच्या वडिलांचं भोजनालय आहे, त्यामुळे एका बाकावर किती माणसं सुखाने जेवतात आणि किती नाइलाजाने, हे तिला लहानपणापासून माहीत. ती इथल्याच एका शाळेत शिकवायची. पहाटे उठून डबे करायचे, शाळा करायची, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, आणि रात्री सासऱ्यांच्या बातम्या संपेपर्यंत उजेडात पडून राहायचं. दोन गल्ल्या पलीकडे तिने एक लहान घर भाड्याने पाहून ठेवलं होतं. नितीनला पटलं होतं. पण बापासमोर नितीनचा आवाज फक्त "हाव" या एका होकारापुरता निघत असे आणि हा शब्द या कामाला उपयोगाचा नव्हता. रूपालीने स्वतः विषय काढला की दौलतराव उशी थापटत म्हणत, "कायले जाता? जराशे सरका. जागा होते."

असं चालू असताना मंगेशला कंपनीने परदेशी पाठवायचं ठरवलं आणि हिवाळ्यात तो घरी एक काचेची पेटी घेऊन आला. पेटीत साप होता. नारिंगी रंगाचा, तांबडे ठिपके असलेला, बिनविषारी परदेशी साप. त्याचे रीतसर सरकारी कागदही होते. आपल्याकडचा साप घरात ठेवला तर वनखातं माणसालाच पेटीत घालतं, पण विलायती सापाला इथे कागदावर राहता येतं. पुण्यात एकट्याने राहणाऱ्या मुलाने साप पाळावा याचं दौलतरावांना वाईट वाटलं. लग्न केलं असतं तर ही वेळ आली नसती, असं त्यांनी मला भिंतीवरून सांगितलं. काकूंनी एवढंच विचारलं की हा खातो काय. उंदीर, असं कळल्यावर त्या म्हणाल्या, "मंग राहू दे. घरात एक तरी मरद कामाचा असला पाह्यजे."

मंगेशने नीट समजावलं होतं. आठ-दहा दिवसांनी एक मेलेला उंदीर, ताजं पाणी, लपायला एक जागा, आणि मुख्य म्हणजे एका पेटीत एकच साप. दौलतरावांनी सगळ्याला "हाव हाव" केलं. मंगेशने सापाचं नाव काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं. त्याचं विमान उडालं त्या दिवशी दौलतरावांनी ते बदलून बाळू केलं आणि दुसऱ्या आठवड्यात निदान केलं की बाळू एकटा पडला आहे. बाळू वेळच्या वेळी खात होता, कात टाकत होता, काचेतून आमच्याकडे बघून जीभ दाखवत होता. पण दौलतरावांना त्याच्या डोळ्यात उदासी दिसली. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे त्याच्या डोळ्यात ज्याला जे पाहायचं ते दिसतं.

मग ते नागपूरला गेले आणि दुसरा साप घेऊन आले. त्याच जातीचा, पण बराच लहान. याचं नाव बंडू. दुकानदाराने म्हणे सांगितलं होतं, "रहते हैं काका, आराम से रहते हैं." लग्न जमवणाऱ्याने पत्रिका जुळत नाही असं आपणहून सांगितल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, तेव्हा त्या दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. मंगेश फोनवर ओरडला. साप हा एकट्याने राहणारा जीव आहे, त्याला सोबत लागत नाही, दोघं एकत्र ठेवले की लहान्याचे हाल होतात, असं त्याने परोपरीने सांगितलं. दौलतरावांनी फोन कानापासून लांब धरून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू पुण्यात राहून एकटं राह्यले शिकला. सापाले कायले शिकवून राह्यला?"

उन्हाळा आला तशी पेटीही कुलरच्या खोलीत आली. तिथल्या प्रवाशांत दोनाची भर पडली. पेटीत काकूंचं एक जुनं लहान मडकं आडवं ठेवलं होतं आणि त्यावर ओलं तरटाचं फडकं. पेटीतली गार जागा म्हणाल तर तेवढीच. दोन्ही साप दिवसभर त्या एका मडक्यात एकमेकांवर वेटोळं करून बसायचे. दौलतरावांना हे पाहून काय वाटलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. त्यांनी मला हाताला धरून नेलं, मडक्यावर टॉर्च मारला आणि हळूच म्हणाले, "पाहा. गळ्यात गळा घालून बसले." सापाचा गळा नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे मी विचारलं नाही. अशा क्षणी शास्त्र काढू नये.

त्यानंतर त्या मडक्याचे रोज दर्शनाचे कार्यक्रम होऊ लागले. पेन्शनवाले मित्र आले, भजनी मंडळ आलं, दूधवाला आला. नागपंचमीला तर गल्लीतल्या बाया हळदकुंकू आणि लाह्या घेऊन आल्या, तेव्हा दौलतराव दारात उभे राहून "एक एक करून चाला, आतमधी सरका" असं करत होते आणि कित्येक वर्षांत मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. प्रत्येकाला ते एकच सांगत. "साप आहे बाप्पा, साप. जहरी जात म्हणतात लोक याले. थो एका मडक्यात राह्यते. आन् आपल्याले माणसाच्या जातीले चार खोल्या पुरत नाई." हे बोलताना ते पाहुण्याकडे नाही, दाराशी बसलेल्या रूपालीकडे पाहत. घरातल्या कर्त्या पुरुषाला सहसा जे मिळत नाही ते त्यांना मिळालं होतं. उलट उत्तर न देणारं उदाहरण.

पण रूपाली त्या पेटीशेजारीच झोपत होती. एक वर्ष गेलं, दुसरा उन्हाळा आला आणि तोवर तिला दिसायला लागलं की बाळू मनगटाएवढा झाला तरी बंडू अजून चपलेच्या बंदाएवढाच आहे. मडक्यात तो कायम खाली आणि बाळू वर. बंडूची कात सरळ निघत नाही, तुकडे तुकडे चिकटून राहतात. उंदीर समोर ठेवला तरी तो तोंड फिरवतो. बाळू मडक्यात असला की कधी कधी हा बाहेर पाण्याच्या वाटीत जाऊन पडतो. तिने एके दिवशी जेवताना हे सगळं सांगितलं. दौलतरावांनी वरणाचा भुरका मारला आणि म्हणाले, "लाहान आहे थो. लाहान्यानं जरासं दबूनच राह्यलं पाह्यजे."

"हाव बाबा," रूपाली म्हणाली. "ते मले मालूम आहे."

नितीनने त्या दिवशी दोनदा भात मागितला. काहीतरी बोलावं लागू नये म्हणून असावा.

दौलतराव रोज सकाळी बसस्टँडवर जाऊन बसत, जुन्या मंडळींशी गप्पा मारत. एका सकाळी ते गेल्यावर रूपालीने माळ्यावरून दुसरं मडकं काढलं, त्यावर तसंच ओलं फडकं घातलं आणि पेटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आडवं ठेवलं. दुसरं काहीही केलं नाही. संध्याकाळी दौलतराव भजनी मंडळातल्या एका नव्या माणसाला दर्शनाला घेऊन आले. टॉर्च मारला तर एका मडक्यात बाळू पसरलेला आणि दुसऱ्या मडक्यात बंडू, इतका निवांत की त्याने जीभ बाहेर काढायचीसुद्धा तसदी घेतली नाही. गळ्यातला गळा सुटला होता. नव्या माणसाने नमस्कार करावा की नाही, हे त्याला ठरवता येईना.

पाहुणा गेल्यावर दौलतरावांनी ते मडकं बाहेर काढलं. घर फोडायचं काम मडक्यानेही होतं, हे आपल्याला आज कळलं, असं ते म्हणाले. मी तेव्हा तिथेच होतो, जायला निघालो होतो, पण रूपाली दारातच उभी असल्यामुळे मला निघता येईना. तिने आवाज चढवला नाही.

"बाबा, त्यायचं प्रेम नाई ते. तेवढी एकच जागा थंडी आहे म्हणून दोघं तिथी घुसतेत. आपलं बी तसंच आहे. हे प्रेम नाई, कुलर आहे. एकदा लाईन गेली का पाहजा, कोण बसून राह्यते खोलीत ते."

दौलतरावांनी मडकं परत माळ्यावर टाकलं. विजेला मात्र तेवढंच निमित्त पुरलं. त्याच आठवड्यात एका दुपारी कुठेतरी ट्रान्सफॉर्मर उडाला आणि गल्लीभर कुलर एकदम गप्प झाले. झाड्यांच्या खोलीतून पहिल्यांदा नात बाहेर पडली आणि आमच्या अंगणातल्या टाकीच्या नळाखाली जाऊन बसली. मग नितीन "येतो जरा" म्हणून मोटरसायकलवर निघाला. काकू लिंबाखाली खाट टाकून पदराने वारा घेऊ लागल्या आणि रूपाली त्यांच्या शेजारी येऊन बसली. मी खिडकीतून डोकावलो तर आत दौलतराव एकटे. पलंगावर ताठ बसलेले, बनियन अंगाला चिकटलेलं, समोर बंद पडलेला कुलर. बाहेर या म्हटलं तर म्हणाले, "नाई. मी बसतो. येतीन ते. लाईन आली का येतीन." मला नेहमीप्रमाणे काहीतरी खोचक सुचलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून ते बोलवेना. वाईट वाटलं, खरं सांगायचं तर.

याच्यावर त्यांनी जो उपाय काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकत होता. इतके दिवस दोन उंदीर दोन कोपऱ्यांत ठेवायची पद्धत होती. मंगेशने फोनवरून तशी सक्तच केली होती. दौलतरावांच्या विचारात असं आलं की चुकलं ते इथेच. घरात मायेला उतार पडतो तो ताटं वेगळी झाल्यावर. लग्नात नवरा-नवरीला एका ताटात जेवू घालतात ते काय उगाच? भाऊबंदकी मिटली की दोघे भाऊ एका ताटात बसतात ते काय उगाच? रविवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं, मलाही बोलावलं, आणि एकच भलामोठा उंदीर चिमट्याने उचलून पेटीच्या मधोमध ठेवला. "एका ताटात जेवले का माया वाढते," ते म्हणाले. "पाहा आता."

आम्ही पाहू लागलो. आधी काही झालं नाही. मग बाळूने येऊन उंदराचं डोकं धरलं. आणि कधी नव्हे तो बंडूही पुढे आला. बिचाऱ्याच्या पोटात किती दिवस काही नव्हतं कोण जाणे, त्याने दुसरीकडून उंदराचं मागचं टोक धरलं. दौलतरावांनी विजयाने माझ्याकडे पाहिलं. दोन भाऊ, एक ताट. काकूंनी हातसुद्धा जोडले. साप चावून खात नाही, घास तोडत नाही, तोंडात आलेलं पुढे पुढे गिळत जातो, एवढी साधी गोष्ट त्या वेळी आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. बाळू एका बाजूने गिळत आला, बंडू दुसऱ्या बाजूने थोडासा, आणि मग उंदीर संपला. बाळू मात्र थांबला नाही. पुढे बंडूचं तोंड होतं, त्याने तेही घेतलं.

"सोड," दौलतराव म्हणाले. "सोड बाप्पा. सरक मागं. सरक." त्यांनी झाकण उघडून हात घातला, पण धरावं काय आणि ओढावं कुठे, त्यांना कळेना. ओढलं तर बंडूचे दात तुटतील की बाळूचे, हेही कळेना. बंडूचं डोकं डोळ्यांपर्यंत आत गेलं होतं आणि शेपूट पाण्याच्या वाटीवर आपटत होती. त्यांच्या हातातला चिमटा काचेवर टकटक वाजत होता. नितीन "बाबा, बाबा" एवढंच म्हणत होता.

रूपालीने मंगेशला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. तिकडे मध्यरात्र असावी की पहाट, मंगेश उघड्या अंगाने ओरडत होता, घरात सॅनिटायझर आहे का, बाळूच्या तोंडाच्या कडेला दोन थेंब टाका, वासाने सोडेल तो. कोरोनाच्या काळातली बाटली देवघराच्या फळीवर धूळ खात पडली होती. रूपालीने ती आणली. या बाईने आजवर त्या सापांना बोट लावलं नव्हतं. तिने डाव्या हाताने बाळूला मानेमागे धरलं आणि उजव्या हाताने बाटली दाबली. बाळूने जबडा पसरला, मान झटकली आणि हळूहळू बंडूचं डोकं बाहेर आलं. ओलं, ओरबाडलेलं, एका बाजूला सुजलेलं. तो हलत नव्हता. तिने त्याला पदराच्या टोकावर घेतलं आणि आम्ही सगळे त्या चपलेच्या बंदाकडे पाहत उभे राहिलो. थोड्या वेळाने त्याची जीभ बाहेर आली.

दौलतराव जमिनीवर बसले. पलंग दोन हातांवर होता, पण ते जमिनीवर बसले.

"खाऊन घेतलं असतं ना वो त्यानं त्याले?" त्यांनी विचारलं.

"हाव," रूपाली म्हणाली.

"एवढं वैर होतं का त्यायचं?"

"नाई बाबा. वैर कायचं? दोघायले भूक लागली होती. ताट एकच होतं."

कुलर चालू होता, हवा येत होती, तरी त्या दिवशी त्या खोलीत कोणी फार वेळ बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दौलतरावांनी वर्ध्याहून काचेची दुसरी पेटी आणली. बंडू तिच्यात गेला. पुढच्या उंदराला त्याने तोंड फिरवलं नाही आणि त्या वर्षी त्याची कात पहिल्यांदा डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड निघाली. ती काकूंनी देवघरात ठेवली, सॅनिटायझरच्या बाटलीशेजारी. मग एका संध्याकाळी आमच्या गल्लीत एक ऑटो थांबला. त्यातून दौलतराव उतरले आणि त्यांच्या मागून एक कोराकरकरीत कुलर उतरला. तो त्यांनी घरात नेला नाही. फाटकाबाहेर ठेवला आणि नितीनला हाक मारून म्हणाले, "हा तुमच्या खोलीवर घेऊन जा. अन् सावलीची जागा पाहून ठेवजो, नाईतर भिंत तापते." खोली कोणती, कुठली, हे त्यांनी विचारलं नाही. दोन गल्ल्यांपलीकडच्या त्या घराचं कुलूप कुठल्या रंगाचं आहे इथपर्यंत त्यांना ठाऊक असावं, कारण बसस्टँडवरून परतताना त्यांचा रस्ता गेले काही दिवस तिकडून होता.

यानंतर माणसाने गप्प बसावं, तर ते दौलतराव कसले. जितक्या निष्ठेने त्यांनी एकत्र राहण्याचा प्रचार केला तितक्याच निष्ठेने ते आता उलटा करू लागले. लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाच्या बापाला बाजूला घेऊन सांगायचे, "पेटी दुसरी घेऊन ठेवा. आजच." तो बाप हुंड्याचा काही भानगडीचा विषय आहे असं समजून घाबरायचा. साप पाळणारी दोन-चार कॉलेजची पोरं त्यांच्याकडे सल्ल्याला येऊ लागली, तेव्हा तर ते पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाच्या थाटात बोलत. एक पेटी, एक साप, याच्यावर चर्चा नाही. जणू हे त्यांनीच शोधून काढलं होतं आणि मंगेशला फोनवर शिकवलं होतं. रूपाली रोज संध्याकाळी येऊन बंडूचं पाणी बदलून जायची, तेव्हा तिच्यासमोरही ते हेच व्याख्यान देत. ती ऐकून घ्यायची. तेवढं मन मोठं ठेवायला दोन गल्ल्यांचं अंतर पुरत असावं.

दौलतराव या उन्हाळ्यात गेले. हृदयाने दगा दिला. दवाखान्याने घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. बाळू आता काकूंजवळ आहे आणि बंडू रूपालीकडे. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या एका दुपारचं.

मी त्यांना पाहायला गेलो होतो. त्याच खोलीत, त्याच पलंगावर, कुलरसमोर ते पडले होते. काकू पायाशी, मंगेश परदेशातून आलेला, नितीन, नात, आणि रूपाली दाराशी, जुन्याच जागेवर. मी बसलो आणि जरा वेळाने लाईन गेली. कुलरची पाती फिरत फिरत थांबली. बाहेर रस्त्यावर डांबर पातळ झालं होतं. खोलीत श्वास घेववेना. मी सवयीने दाराकडे पाहिलं, कोण आधी उठतं ते. रूपालीच्या घरी दोन गल्ल्यांवर इन्व्हर्टर होता. आमच्याकडेही होता. घाम सगळ्यांच्या कानामागून वाहत होता. नात वहीच्या पुठ्ठ्याने आजोबाला वारा घालू लागली, तिचा हात दुखला तसा पुठ्ठा मंगेशने घेतला, मग नितीनने.

बऱ्याच वेळाने दौलतरावांनी डोळे उघडले. चेकिंगला निघाल्यासारखी त्यांनी खोलीभर एकेकावर नजर फिरवली आणि ती माझ्यापाशी येऊन थांबली.

"आंजीवाले, लाईन गेली का?"

"गेली."

"कवाची?"

"झाला बराच वेळ."

त्यांनी पुन्हा सगळ्यांकडे पाहिलं. "मंग हे इथी काऊन बसून राह्यले?"

रूपाली दारापासून उठली, नितीनच्या हातातून पुठ्ठा घेतला आणि पलंगाजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, सरका जरा," ती म्हणाली.

दौलतराव भिंतीकडे सरकले. जागा झाली आणि ती बसली.